रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखतंय : आमवात आणि मनाचं काय करायचं?

प्रश्न : वय 43, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. सहा वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेते. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट छान आहेत, आजार कंट्रोलमध्ये आहे. तरी हात-पाय दुखतात, दुपारपर्यंत गळून जाते. घरचे म्हणतात, 'मनाला लावून घेऊ नकोस, पॉझिटिव्ह राहा.' मुलीवर उगाच खेकसते आणि मग रात्री रडू येतं. शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. हे दुखणं मीच मनानं वाढवलंय का? आणि असं किती वर्षं काढायचं?

उत्तर :

ताई, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते तुम्ही मनानं वाढवलेलं नाही. हे सगळ्यात आधी सांगते, कारण हा संशय आत राहिला तर पुढे मी जे काही सांगेन ते तुम्ही स्वतःला दोष देण्यासाठीच वापराल.

रिपोर्ट चांगले असूनही दुखू शकतं. सीआरपी आणि ईएसआर या तपासण्या रक्तातून दाह, म्हणजे आतली सूज, किती आहे याचा अंदाज देतात, दुखणं मोजत नाहीत. सांध्यांकडून वर्षानुवर्षं कळा जात राहिल्या की मज्जारज्जू आणि मेंदूतल्या मज्जापेशी हळव्या होतात आणि दाह उतरल्यावरही साध्या हालचालीला ठणका लागतो. वेदनेवर संशोधन करणाऱ्या क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये मज्जारज्जूतला हा बदल प्रयोगांतून दाखवला. त्याच्याही आधी, 1965 मध्ये, मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी मांडलं होतं की कळ मेंदूपर्यंत किती पोचायची हे मज्जारज्जूतच कमी-जास्त होतं आणि त्यात मेंदूकडून खाली येणाऱ्या संदेशांचाही वाटा असतो. मनाचा संबंध येतो तो इथे. झोप मोडली, काळजी वाढली, आपलं कुणी ऐकत नाही असं वाटलं, की तीच कळ जास्त लागते. घरचे 'मनाला लावून घेऊ नकोस' म्हणतात त्यात एवढंच तथ्य आहे. त्यावरून दुखणं खोटं ठरत नाही, आणि 'लावून घेऊ नकोस' म्हटल्यानं ते कमीही होत नाही.

आता एक गोष्ट बघा, ती फारशी कुणी सांगत नाही. 'आजार कंट्रोलमध्ये आहे' हे बहुतेक ठिकाणी एका हिशेबावरून ठरतं. डॉक्टर 28 सांधे दाबून बघतात, किती दुखरे आणि किती सुजलेले ते मोजतात, त्यात रक्ताचा आकडा धरतात आणि 'एकंदर कसं वाटतंय' याला तुम्ही दिलेला आकडाही धरतात. या 28 सांध्यांत घोटे आणि पावलं नाहीत. म्हणजे तुमची पावलं दुखत असतील आणि तुम्ही ते स्वतःहून बोलला नाहीत, तर ते दुखणं त्या मोजणीत येतच नाही. शिवाय 'कसं काय?' या प्रश्नाला आपल्याकडच्या बायका सवयीनं 'बरं आहे' म्हणतात. डॉक्टरांना वाईट वाटू नये, रांगेत मागे माणसं आहेत, म्हणून. ते 'बरं आहे'सुद्धा हिशेबात जातं. पुढच्या वेळी चपला काढून पावलं दाखवा. आकडा विचारला तर खरा सांगा, विचारला नाही तरी सांगा. सोबत थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं का, हेही विचारा. आमवातात रक्त कमी असणं नेहमीचं आहे, आणि ते गळून जाणं पुष्कळदा 'मनाचं' म्हणून सोडून दिलं जातं. प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडची गोळी चालू असेल तर त्यानंही झोप उडते, चिडचिड वाढते. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, पण ती गोळी स्वतःहून एकदम बंद करू नका.

हे एवढं सविस्तर लिहिलं, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात ठळक दिसलं ते हेच. तुम्ही एकाच वेळी दोन कामं करताय. एक, दुखणं सोसण्याचं. ते आजारानं तुमच्यावर टाकलंय. दुसरं, ते लपवण्याचं. शाळेत, घरी, डॉक्टरांसमोर, बहुधा माहेरी फोनवरसुद्धा. हे दुसरं काम पहिल्यापेक्षा कमी थकवणारं नाही. सांध्यांच्या आणि वेदनेच्या रुग्णांसोबत बरीच वर्षं मानसोपचाराचं काम केल्यावर माझं मत असं झालंय की माणसं दुखण्यापेक्षा या लपवण्यानं जास्त खचतात. म्हणून आधी हे दुसरं काम उतरवायचं बघूया.

पण त्याच्या आधी रडण्याबद्दल थोडं. एक बाई माझ्याकडे येत असत. ओळख कळू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. पुतणीच्या लग्नाला सगळ्या जणी बांगड्या भरायला बसल्या. कासारीण यांचा हात धरून दाबायला लागली, पण बोटांची पेरं सुजून जाड झालेली. बांगडी अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडकायची. तिनं साबण लावला, एक माप मोठं घेतलं, तरी जमेना. शेवटी जाऊबाई म्हणाल्या, 'राहू द्या, पिनेच्या घ्या, दिसायला सारख्याच दिसतात.' या घरी आल्या आणि दोन दिवस धड जेवल्या नाहीत. नवरा म्हणाला, 'बांगड्यांसाठी रडतेस?' त्या बांगड्यांसाठी रडत नव्हत्या. स्वतःचा धडधाकट हात गेला म्हणून रडत होत्या, आणि तो गेल्याचं कुणी त्यांच्याजवळ बसून मान्य केलं नव्हतं.

घरात कुणी गेलं तर आपल्याकडे तेरा दिवस असतात. माणसं भेटायला येतात, रडायला मुभा असते, चूल पेटली नाही तरी शेजारून डबा येतो. तब्येत गेली, फळ्यावर सरसर लिहिणारा हात गेला, रात्री कूस बदलल्यावर लागणारी झोप गेली, तर कुणी भेटायला येत नाही. उलट त्याच दिवसापासून 'पॉझिटिव्ह राहा' सुरू होतं. शिवाय हा शोक एकदाच होऊन संपत नाही. सगळं मार्गी लागलंय असं वाटतं आणि गॅदरिंगला बाकीच्या बाई मुलींना नाच बसवून देताना दिसतात, की परत उमाळा येतो. तसं झालं म्हणजे आपण मागे गेलो असं धरू नका. दीर्घ आजारात हे होतच राहतं. त्या रडण्याला वेळ द्या, शक्यतो दिवसा आणि कुणासमोर तरी. बहीण असेल, मैत्रीण असेल, तिला आधीच सांगून ठेवा की उपाय सुचवायचा नाही, फक्त ऐकायचं.

आता लपवणं सोडायचं कसं. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. तीन ठिकाणी, तीन मापात सांगायचं.

घरी सगळ्यात जास्त. इथे अडचण अशी की आपण सांगतो ते तक्रारीच्या सुरात किंवा अगदीच टोकाला गेल्यावर. दिवसभर गप्प राहून रात्री भांडं आपटायचं, आणि मग त्या भांड्यावरून भांडण. त्याऐवजी दुखण्याला आकडा आणि आकड्याला काम जोडा. रोज सकाळी चहाच्या वेळी शून्य ते दहापैकी एक आकडा सांगायचा आणि लगेच त्या दिवशी कुणी काय करायचं ते ठरवायचं. 'अहो, आज सहा आहे. भाजी तुम्ही चिरा, कुकर तुम्ही उतरवा, फोडणी मी देते.' एवढंच. का दुखतंय, काल कसं बरं होतं, यावर चर्चा नको. नवऱ्यांना बहुतेकदा मदत करायची असते, पण नक्की काय करायचं ते कळत नाही, आणि मग ते उपदेश करतात. काम हातात दिलं की उपदेश कमी होतो, हे मी अनेक घरांत पाहिलंय.

सासूबाई असतील तर त्यांना सकाळ समजावून सांगा. आमवातात सकाळी सांधे आखडतात, आणि आजार जोरात असेल तर तासाभराहून जास्त वेळ आखडलेले राहतात. दुपारी तुम्ही नीट हिंडता-फिरता म्हणून सकाळचं नाटक आहे, असा समज यातूनच होतो. 'आई, दुपारी मी चार माणसांचा स्वयंपाक करीन, पण सकाळी सातला माझ्या हातून कणीक मळली जात नाही' असं स्पष्ट, शांतपणे आणि एकदाच सांगा. पोळ्या केंद्रातून आणायच्या की बाई लावायची, हा प्रश्न मग खर्चाचा राहतो, चारित्र्याचा राहत नाही. आणि खर्च करा. मनगटाचा सांधा हा काही काटकसर करण्याची जागा नाही.

शाळेत थोडं सांगा. मुख्याध्यापकांना आणि एका सहकारी बाईंना पुरे. रडकथा नको, नेमकी मागणी असू द्या. खुर्ची, खालच्या मजल्यावरचा वर्ग, पहिल्या तासाला फळ्यावर लिहिण्याऐवजी तोंडी पाठ. सांध्यांमुळे हालचालीला कायमची मर्यादा आली असेल तर दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार बहुतेक सवलतींसाठी 40 टक्क्यांची अट असते. तुम्ही त्यात बसता की नाही हे डॉक्टर ठरवतील. पण नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता किंवा खालच्या पदावर आणता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. ही भीती मनात धरून लपवत असाल तर तेवढी तरी उतरू द्या.

बाकी जगाला जवळजवळ काहीच सांगू नका. लग्नात, हळदीकुंकवाला, रिक्षात भेटणारी माणसं वांगं सोडायला सांगतात, आंबट सोडायला सांगतात, कुठल्या तरी गावच्या पुडीचा पत्ता देतात. त्यांच्याशी वाद घालण्यात दुपार जाते. 'डॉक्टरांना विचारून बघते' म्हणायचं आणि विषय बदलायचा. लेबल नसलेली पुडी मात्र कुणीही, कितीही मायेनं दिली तरी घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार घडलेले आहेत. चार दिवस जादू झाल्यासारखं वाटतं आणि नंतर ते फार महाग पडतं. पूर्वजन्मीचे भोग वगैरे कुणी म्हणालं तर ते ऐकून सोडून द्या. आमवात ही शरीराच्या प्रतिकारशक्तीनं स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर केलेली चढाई आहे आणि तो पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट जास्त होतो. त्यात तुमच्या पाप-पुण्याचा काहीही संबंध नाही.

चिडचिडीबद्दल आता. तुम्ही मुलीवर कधी खेकसता, याची आठवडाभर नोंद करा. माझा अंदाज आहे की बहुतेक वेळा तो 'बऱ्या' दिवसानंतरचा दिवस निघेल. बरं वाटलं की आपण साठलेलं सगळं काढतो. कपाट आवरतो, पडदे धुतो, पेपर तपासून टाकतो, आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. मग अपराधी वाटतं, म्हणून पुढच्या बऱ्या दिवशी आणखी जोरात. दिवाळीनंतर तर हे हमखास दिसतं. चकलीचा सोऱ्या दाबून दाबून मनगट सुजलेल्या बायका भाऊबीज उलटली की ओपीडीत येतात आणि म्हणतात, 'वर्षाचा सण, नाही कसं म्हणायचं?'

अंगातल्या ताकदीचा हिशेब दिवसाआड पाणी येणाऱ्या गावासारखा करावा लागतो. नळ आला म्हणून सगळंच सांडायचं नसतं, उद्याची घागर बाजूला काढून मगच वापरायचं असतं. वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी 1970 च्या दशकात दीर्घ वेदनेच्या रुग्णांना कामाचं माप ठरवून द्यायची पद्धत रुळवली, आणि आज जगभर वेदनेच्या उपचारात ती कल्पना वापरली जाते. ती अशी. कुठलंही एक काम घ्या. समजा, उभं राहून स्वयंपाक. दुखणं वाढायच्या आत किती वेळ जमतं ते चार-पाच दिवस बघा. सरासरी वीस मिनिटं आली तर पंधरा मिनिटं हे तुमचं माप. पंधरा मिनिटं झाली की बसायचं, दुखत नसलं तरी बसायचं. बसून दहा मिनिटं दुसरं काही करायचं, मग परत उठायचं. वाईट दिवशी माप निम्मं करा, पण शून्यावर आणू नका. चांगल्या दिवशीही वाढवू नका. दोन आठवडे नीट गेले की थोडंसं वाढवा. उठायचं कधी आणि बसायचं कधी हे दुखणं ठरवत नाही, घड्याळ ठरवतं. ही शिस्त सगळ्यात कठीण चांगल्या दिवशी जाते, आणि तिचा उपयोगही त्याच दिवशी होतो.

सकाळ सोपी करण्यासाठी एक साधी सोय. उठल्यावर लगेच कामाला न लागता घमेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घ्या आणि हात मनगटापर्यंत बुडवून, पाण्यातच बोटं हळूहळू उघडमीट करत दहा मिनिटं बसा. हाताला आराम पडतो. शिवाय दिवसाची पहिली दहा मिनिटं शरीराशी भांडण्यात जात नाहीत, आणि माझ्या दृष्टीनं हे दुसरं कारण जास्त मोलाचं आहे.

आता रात्र. तीन वाजता जाग येते आणि विचार सुरू होतात. हे असंच वाढत जाणार, बोटं वाकडी होणार, नोकरी सुटणार, मुलीच्या गळ्यात पडणार. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी लहानपणी आमवातानं बोटं वाकडी झालेली एखादी आत्या किंवा आजी पाहिलेली असते आणि रात्री डोळ्यांसमोर तेच हात येतात. त्या बायकांना तुम्हाला मिळतायत ते उपचार मिळाले नव्हते. अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला अधिकृत मान्यता मिळाली तीच 1988 मध्ये, आणि जैविक औषधं (प्रतिकारशक्तीच्या ठरावीक भागावर काम करणारी, बायोलॉजिक्स) तर त्यानंतरची. ज्यांचं निदान वेळेत झालं आणि औषध नियमित चालू आहे, त्यांचे सांधे त्या पिढीसारखे वाकडे होण्याचं प्रमाण खूप कमी झालंय. हे दिवसा एका कागदावर आपल्या हातानं लिहून ठेवा, कारण रात्री तर्क चालत नाही, लिहिलेलं वाचता येतं. झोप लागत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नका. उठून दुसऱ्या खोलीत बसा, मोबाइल न घेता, आणि डोळे जड झाले की परत या.

ध्यान, प्राणायाम, योगनिद्रा यांचा अनेकांना फायदा होतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन कबाट-झिन यांनी 1979 मध्ये ध्यानावर आधारलेला अभ्यासक्रम सुरू केला, तोही दीर्घ दुखणी असलेल्या रुग्णांसाठीच. रोज दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष देण्यापासून सुरुवात करा. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराबद्दल मला नेहमी विचारतात. ती साधना चांगली आहे, पण तासन् तास बसणं आणि दहा दिवसांचं मौन मन खूप खाली गेलेलं असताना झेपत नाही. आधी मन थोडं सावरू द्या आणि डॉक्टरांशी बोलूनच जा.

मन किती खाली गेलंय हे ओळखायचं कसं? दुखण्यामुळे वाईट वाटणं वेगळं आणि नैराश्याचा आजार वेगळा, आणि आमवातात दुसरा बराच आढळतो. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आमवाताच्या रुग्णांपैकी सुमारे 17 टक्के जणांना नैराश्याचा आजार (मेजर डिप्रेशन) असल्याचं दिसलं. म्हणजे सहापैकी एकाला. दोन आठवडे किंवा जास्त, जवळजवळ रोज, कशातच मन लागत नाही, आवडता वर्गसुद्धा नकोसा वाटतो, भूक-झोप बिघडली आहे, आपण घराला ओझं आहोत असं वाटतं, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. समुपदेशनही घ्या, विचारांवर आणि वागण्यावर काम करणाऱ्या उपचारांचा वेदनेत चांगला उपयोग होतो. त्यांनी ॲमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलॉक्सेटिन अशी गोळी लिहून दिली आणि मेडिकलवाल्यानं 'ही डिप्रेशनची आहे' म्हटलं, तर घाबरून परत ठेवू नका. ही औषधं मज्जासंस्थेतून वर जाणाऱ्या कळाही मंद करतात, म्हणून वेदनेवरही देतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी मात्र सोबत न्या. आणि जगायलाच नको असं मनात आलं तर सकाळची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

'किती वर्षं काढायचं?' असं विचारलंत. आमवात बहुतेकांना आयुष्यभर सोबत असतो, हे मी गोड करून सांगणार नाही. पण पुढची सगळी वर्षं गेल्या सहा वर्षांसारखीच जातील असं मात्र नाही. ही सहा वर्षं तुम्ही सगळं लपवून, मोडेपर्यंत रेटून काढलीत. माप ठरवून, माणसं सोबत घेऊन काढलेलं वर्ष निराळं जातं. दुखणं कदाचित चारच्या जागी तीनवर येईल, कदाचित तेवढंही नाही, पण त्या तीननं सगळं घर व्यापलेलं नसेल. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी वर्षभरानं पहिल्यांदा सांगतात ते दुखण्याबद्दल नसतंच. 'परवा सिनेमाला गेलो होतो' असं काहीतरी असतं.

शेवटी तुमची मुलगी. तिच्यावर खेकसल्याचं तुम्हाला रात्री लागतं, तर तिला दुसऱ्या दिवशी सांगा. 'काल मी ओरडले ते हात दुखत होता म्हणून. तुझी चूक नव्हती.' मुलं आईच्या चेहऱ्यावरून दुखणं बरोबर ओळखतात आणि कारण कळलं नाही की ते स्वतःवर घेतात. सकाळचा आकडा तिलाही ऐकू द्या. आजाराचं नाव सांगा, हा तिला लागत नाही हे सांगा, यानं आई मरणार नाही हेही सांगा, कारण ते ती विचारणार नाही. 'तू पूर्ण बरी होशील ना?' असं विचारलं तर खोटं 'हो' म्हणू नका. 'हा आजार राहणार आहे, पण औषध चालू आहे आणि मी त्याची काळजी घेतेय' एवढं तिला पुरतं. तिला एकच ठरलेलं काम द्या, बाटल्यांची झाकणं उघडून ठेवणं किंवा तुमची वेणी घालणं, आणि बाकीच्या वेळी खेळायला पाठवा. आईची तब्येत सांभाळणं हे तिचं काम होऊ देऊ नका.